आवड संपते, तलफ उरते

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभा आणि राज्यसभेत लागोपाठच्या दोन दिवसांत मंजूर झाले. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोरही उमटली. या खेळांची झळ सुमारे ४५ कोटी लोकांना बसली असून त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले आहे, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला. क्रिकेटपटूंचे काल्पनिक संघ बनवून पैसे लावायला लावणारी, रमी आणि पोकर खेळवणारी बडी ॲप काही दिवसांत थंडावली. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे प्रायोजकाचे नावही गेले. काही कंपन्यांनी कायद्याला उच्च न्यायालयांत आव्हान दिले आणि ती प्रकरणे पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली.

या साऱ्या चर्चेत एक शब्द सतत कानावर पडत राहिला, तो म्हणजे डोपामाइन. वाहिन्यांवरील चर्चेपासून शाळेतल्या पालकसभेपर्यंत स्पष्टीकरण साधारण एकच असते. खेळात जिंकले की मेंदूत डोपामाइन नावाचे आनंदाचे रसायन स्रवते, त्या आनंदाची सवय लागते आणि माणूस अडकतो. हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण त्यात एक मोठी अडचण आहे. महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात घालवून, मित्रांकडून उसने घेऊन, पहाटे तीनपर्यंत पांघरुणात मोबाइल धरून बसलेला माणूस मजेत नसतो. खेळातला आनंद कधीच आटलेला असतो, खेळणे मात्र थांबत नाही. आनंदासाठीच तो खेळत असेल, तर आनंद संपल्यावर खेळ का संपत नाही?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मेंदूविज्ञानाला गेल्या चार दशकांत मिळाले आहे. ते समजून घेतले, तर कायद्याने काय साधेल, उपचार कोणता लागेल आणि घरच्यांनी कसे वागावे, या तिन्ही गोष्टींकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

‘आनंदाचे रसायन’ ही ओळख कशी पडली?

या कहाणीची सुरुवात एका भारतीय वनस्पतीपासून आणि काही अंशी मुंबईतून होते. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरले जात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या परिणामांचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाबावर ते लागू पडे. पण काही रुग्ण ते घेतल्यावर सुस्त आणि उदास होत.

स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये हेच रेसरपिन सशांना दिले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचण्यात आले. मेंदू या द्रव्यापासून डोपामाइन तयार करतो. थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. तोवर डोपामाइन हा दुसऱ्या रसायनाकडे जाणारा केवळ एक टप्पा मानला जाई. मेंदूत त्याला स्वतःचे काम आहे, हे या प्रयोगांमुळे कळले. कंपवातावर आजही दिले जाणारे प्रमुख औषध या शोधातून आले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जवळपास त्याच काळात, १९५४ मध्ये, कॅनडातील मॉन्ट्रियल येथे जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युततार बसवली होती. खटका दाबला की मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य झटका मिळे. उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा, तासाला शेकडो वेळा दाबू लागले. या मार्गांमध्ये डोपामाइनचा मोठा वाटा आहे, हे पुढे कळले. डोपामाइन अडवणारे औषध दिले की प्राण्यांची धडपड थांबते, हेही दिसले. उंदीर इतक्या वेळा खटका दाबतो, म्हणजे त्याला प्रचंड सुख मिळत असणार आणि डोपामाइन म्हणजेच ते सुख, असा निष्कर्ष काढला गेला. वर्तमानपत्रांनी, जाहिरातींनी आणि आता समाजमाध्यमांनी तो घरोघरी पोहोचवला.

जिभेने दिलेली साक्ष

उंदीर खटका दाबतो, म्हणून त्याला तो आवडतो, हे गृहीतक तपासले अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी. उंदराला गोड आवडले की तो ओठ आणि पंजे चाटतो, कडू लागले की तोंड वेडावाकडे करतो. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरही चवीची अशीच ओळखता येणारी चिन्हे दिसतात. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील जवळजवळ सगळे डोपामाइन नष्ट केले. हे उंदीर अन्न समोर असूनही त्याकडे जात नसत. भरवले नाही तर उपाशी मेले असते. डोपामाइन म्हणजे सुख असेल, तर यांना साखरेचे पाणीही बेचव लागायला हवे होते. प्रत्यक्षात ते जिभेवर सोडताच उंदीर पूर्वीइतक्याच आवडीने ओठ चाटू लागले. गोडी शाबूत होती, गोडाकडे जाण्याची ओढ मात्र नाहीशी झाली होती.

म्हणजे एखादी गोष्ट आवडणे आणि ती हवीहवीशी वाटणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. आवडण्याचा अनुभव मुख्यतः मेंदूत तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांवर आणि काही लहानशा केंद्रांवर अवलंबून असतो. हवेसे वाटणे, त्यामागे धावणे हे डोपामाइनचे क्षेत्र. एरवी दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून फरक जाणवत नाही. मराठी बोलणाऱ्याला मात्र तो नवा नाही. आंब्याची आवड असते आणि तंबाखूची तलफ येते. तंबाखू सोडू पाहणाऱ्या कोणालाही विचारावे. त्याला चव कधीच नकोशी झालेली असते, तरी हात डबीकडे जातोच.

अंदाज चुकला की मेंदू जागा होतो

दुसरा दुवा सापडला माकडांच्या अभ्यासात. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामाइन पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात सक्रिय होत. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवली जाऊ लागली. माकड ती शिकले, तशा पेशी खूण दिसताच सक्रिय होऊ लागल्या आणि रस प्रत्यक्ष मिळाल्यावर शांत राहू लागल्या. खूण दाखवूनही रस दिला नाही, तर त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक कळवतात. मिळालेले सुख मोजणे हे त्यांचे काम नाही.

रोजच्या आयुष्यात हे सहज ओळखता येते. ओळखीच्या टपरीवरचा चहा नेहमीसारखाच निघाला, तर मेंदूला नव्याने शिकण्यासारखे काही नसते. परक्या गावात एखाद्या साध्या टपरीवर अनपेक्षितपणे फक्कड चहा मिळाला, तर दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात. तिसऱ्या दिवशी टपरी बंद दिसली की चांगलाच हिरमोड होतो. शिकण्याची ही यंत्रणा जगण्यासाठी फार मोलाची आहे. फळ कोणत्या झाडावर मिळाले, पाणी कोणत्या वाटेला लागले, हे तिच्यामुळेच पक्के होते.

पण निकालाचा अंदाज कधीच लागू नये अशी एखादी गोष्ट मुद्दाम तयार केली तर? शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये हे तपासले. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी ठेवली, तेव्हा खूण आणि निकाल यांच्या मधल्या वेळात डोपामाइन पेशींची हालचाल वाढत गेली आणि सर्वाधिक राहिली. रस नक्की मिळणार किंवा नक्कीच मिळणार नाही, अशा वेळी तसे होत नव्हते. अनिश्चिततेतच ओढ सर्वात ताणली जाते, असा याचा अर्थ लावता येतो. जुगार चालवणाऱ्यांना हे अनुभवाने आधीपासून ठाऊक होते.

जुगाराची आणखी एक हुकमी खेळी म्हणजे ‘थोडक्यात हुकले’. केंब्रिजमधील ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले, की अशा निसटत्या हरण्याने माणसाला वाईट वाटते आणि तरीही पुढचा डाव खेळण्याची इच्छा वाढते. त्या वेळी मेंदूतले बक्षिसाशी संबंधित भागही जिंकल्यासारखेच प्रतिसाद देतात. आवड आणि तलफ यांची फारकत इथे एकाच क्षणात दिसते.

मटक्यापासून मोबाइलपर्यंत

मुंबईला जुगार नवा नाही. जुगाराला आळा घालणारा मुंबई प्रांताचा कायदा १८८७ चा आहे. १९६० च्या दशकात कापसाच्या भावांवरून सुरू झालेला आकड्यांचा खेळ पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढण्यावर आला आणि मटका म्हणून राज्यभर पसरला. त्याने असंख्य संसार धुळीला मिळवले. तरीही त्याला एक मर्यादा होती. आकडा लावायला घराबाहेर पडावे लागे. निकाल ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ असे ठरलेल्या वेळी लागत, मधले तास वाट पाहण्यात जात. त्या तासांत खिसा रिकामा झाल्याचे भान येई, कोणी हटके, कोणी घरी नेई.

मोबाइलने हे मधले तासच काढून टाकले. डाव मिनिटा-दोन मिनिटांचा, निकाल लगेच, पुढचा डाव समोर तयार. पैसे बोटाच्या टोकावर, दुकान चोवीस तास उशाशी. खेळ थांबला की बोनसचा संदेश येतो. डाव लावणे आणि निकाल लागणे यांतले अंतर जितके कमी, तितका जुगार अधिक घातक, हे व्यसनाच्या अभ्यासकांचे जुने निरीक्षण आहे. खेळणाऱ्याचा स्वभाव मटक्याच्या काळी होता तसाच आज आहे. बदलला आहे तो खेळाचा वेग.

कंपवाताच्या रुग्णांनी शिकवलेला धडा

प्रयोगशाळेतले उंदीर आणि माकडे यांवरून माणसाबद्दल किती बोलावे, अशी शंका येणे रास्त आहे. त्याचे उत्तर कंपवाताच्या रुग्णांकडून मिळाले. या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी नष्ट होत जातात, म्हणून काही रुग्णांना डोपामाइनसारखे काम करणारी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल अशी औषधे दिली जातात. आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेले काही रुग्ण ही औषधे सुरू झाल्यावर जुगार खेळू लागले, काही जण बेसुमार खरेदी करू लागले किंवा अनावरपणे खाऊ लागले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात या गटातील औषधे घेणाऱ्या १७.१ टक्के रुग्णांमध्ये अशी एखादी अनावर सवय आढळली. ही औषधे न घेणाऱ्यांत ते प्रमाण ६.९ टक्के होते. डॉक्टरांनी औषध कमी केले किंवा बदलले, की बहुतेकांची ही ओढ ओसरते.

हे रुग्ण अधिक आनंदी झाले होते, असे नव्हे. त्यांना एखादी गोष्ट करत राहण्यावाचून राहवत नव्हते. इच्छाशक्ती कमी, संस्कार कमी, चारित्र्य ढिले, असे जे शिक्के व्यसनी माणसावर सहज मारले जातात, ते साठी-सत्तरीच्या, उभे आयुष्य काटकसरीने जगलेल्या या माणसांना कसे लावणार? मात्र औषध घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना असा त्रास झाला नाही, हेही तितकेच खरे. डोपामाइन ओढ निर्माण करते. ती कोणाला किती फरफटत नेईल, हे आनुवंशिकता, वय, एकटेपणा, नैराश्य, कर्ज आणि जुगार किती सहज उपलब्ध आहे यावर अवलंबून असते.

उपवासाने आणि गोळीने भागणार नाही

डोपामाइनची चुकीची ओळख निरुपद्रवी असती, तर एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण तिच्यावर आता बाजार उभा आहे. २०१९ च्या सुमारास अमेरिकेतून ‘डोपामाइन उपवासा’ची लाट आली. मोबाइल, गाणी, गोड पदार्थ, काही जण तर गप्पाही काही काळ बंद करतात, म्हणजे मेंदूतले डोपामाइन ‘स्वच्छ’ होईल अशी समजूत. मोबाइलपासून विश्रांती चांगलीच. सवयीची साखळी तुटायला तिचा उपयोग होतो. पण डोपामाइन हा साठलेला मळ नाही. चालणे, लक्ष देणे, शिकणे, सकाळी उठून कामाला लागणे या सगळ्याला ते लागते. ते खरोखरच काढून टाकले तर काय होते, हे कार्लसन यांच्या सशांनी दाखवून दिले आहे.

दुसऱ्या टोकाला ‘डोपामाइन वाढवा, मूड सुधारा’ म्हणणाऱ्या कॅप्सूल आहेत. अतिदक्षता विभागात रक्तदाब फार खाली गेलेल्या रुग्णाला डोपामाइन थेट शिरेतून दिले जाते. त्याने कोणी आनंदी होत नाही, कारण रक्तातले डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असते आणि ते मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणूनच ते औषध आहे, टॉनिक नव्हे. वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेणे, विशेषतः इतर औषधे चालू असताना, धोक्याचे ठरू शकते. सुख-दुःखाची अवस्था एका रसायनाच्या पातळीवर ठरत नाही. नैराश्यात कशातच रस वाटत नाही, त्यात डोपामाइनचा भाग असतो. पण सेरोटोनिन, झोप, शारीरिक आजार, परिस्थिती यांचाही असतो. डोपामाइन अडवणारी औषधे जुगाराच्या व्यसनावर गुणकारी ठरलेली नाहीत, ही गोष्टही तेच सांगते. मेंदूत सुखाची तोटी नाही, की ती उघडली-बंद केली आणि काम झाले.

कायद्यापुढचे काम

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. ऑनलाइन कंपन्यांचा बचाव अनेक वर्षे याच मुद्द्यावर उभा होता. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावणे हाच निकष धरला. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ही शेवटची भूमिका विज्ञानाला धरून आहे. कौशल्याचा वाद घटनेच्या चौकटीत कसा सुटेल ते न्यायालय ठरवेल. पण निकाल अनिश्चित आहे आणि पुढचा डाव लगेच मिळतो आहे, तोवर मेंदूतील ओढ त्या भेदाने कमी होत नाही.

बंदीने दोन प्रश्न मात्र उरतात. एक, तलफ कायद्याने संपत नाही. अधिकृत दुकान बंद झाले की परदेशातून चालणाऱ्या बेकायदा संकेतस्थळांकडे वळण्याचा धोका असतो आणि तिथे तक्रार करायलाही कोणी नसते. दोन, अनिश्चित बक्षीस, निसटते हरणे, संपतच न जाणारा पडदा या युक्त्या पैसे न लावता खेळायच्या खेळांत आणि छोट्या चित्रफितींच्या ॲपमध्येही तितक्याच वापरल्या जातात. त्यांच्या रचनेवर आपल्याकडे अजून पुरेशी चर्चाही नाही.

म्हणून खरी कसोटी उपचारांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, जुगाराचे आणि गेमिंगचे व्यसन हे दोन्ही विकार म्हणून नोंदलेले आहेत. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत तंत्रज्ञानाच्या व्यसनासाठी २०१४ पासून स्वतंत्र सेवा चालते. पण देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारे समुपदेशन यात सर्वाधिक उपयोगी ठरले आहे. खूण ओळखणे, ती टाळणे आणि तलफ आली तरी डाव न लावता ती ओसरू देणे, हे त्यात टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. मेंदूने शिकलेली ओढ नव्या शिकण्यानेच सैल होते, म्हणून त्याला महिने लागतात. मध्ये घसरण झाली, तर उपचार फसले असे समजायचे नसते.

घरच्यांना करता येण्यासारखे बरेच आहे. पैशांचे हिशेब लपवणे, रात्रीची जागरणे, हरलेले ‘परत मिळवण्याची’ भाषा आणि चिडचिड एकत्र दिसू लागली, तर ‘एवढी काय मजा येते त्यात?’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याचे उत्तर बहुधा त्या माणसाकडेही नसते. त्याऐवजी काही काळ पैशांचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावेत, ॲप आणि त्यांचे संदेश काढून टाकावेत, कर्ज किती आहे ते न रागावता विचारावे. जीव नकोसा झाल्याची भाषा तोंडून निघाली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.